मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मुंबईहून कोल्हापूरला गाडीने जाताना वाटेत फास्ट फूडमध्ये काय चालेल?

वडापाव चालणार नाही. त्याच्या सुक्या लसूण चटणीत बहुधा शेंगदाणा असतो. "चटणी लावू नका" असं सांगितलंत तरी नाही.

माझ्या लेकीला हीच अ‍ॅलर्जी आहे. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलात काउंटरशी उभं राहून बिनचटणीचा मागितला. त्याने दिलाही, पण बोटांना सुक्या लसूण चटणीची लाल भुकटी, आणि त्याच बोटांनी पाव फाडलेला. मी "राहू दे" म्हणेपर्यंत मोठ्या जाऊबाईंनी तो लेकीच्या हातात ठेवला होता. "अगं, एवढ्याशाने काय होतंय? आमच्या वेळी नव्हती असली थेरं!" जरा वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. पर्समधलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मागच्या सीटवरच तिच्या मांडीत टोचलं आणि हॉस्पिटल गाठलं. तिथे रात्रभर ठेवून घेतलं, कारण रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उसळू शकते. जाऊबाईंचं अजूनही एकच, "गाडी लागली असेल." गाडी लागून ओठ सुजत नाहीत, जाऊबाई!

तर तुमचं. खिचडी, साबुदाणावडा, पोहे, मिसळ सोडा. "दाणे काढून देतो" म्हणतील. खिचडीतलं कूट कसं काढणार? तेल कुठलं तेही विचारा. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात उरतं, आणि हल्ली त्याच तेलाच्या पाट्या लावून मिरवतात. इडली-सांबार त्यातल्या त्यात बरं, चटणी ताटात येऊच देऊ नका. मोठ्या साखळीवाल्यांकडे जास्त सोपं जातं: एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2020 च्या नियमांप्रमाणे दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांनी अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची असते, शेंगदाणाही त्यात येतो. पोऱ्याला नको, मॅनेजरला विचारा.

गाडीत कुणी वडीलधारं असेल तर निघण्याआधीच बजावा, पोराला परस्पर काही भरवायचं नाही. राग आला तर येऊ दे. मी सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी, पण आमच्याकडे सांगूनही हे झालं.

हां, इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि शिकवलेलंच. डोस वजनावर ठरतो. टोचल्यावरही 108 लावायचाच. काजू-बदामाचं वेगळं तपासून घ्या, शेंगदाणा मुळात कडधान्याच्या कुळातला. आणि सेट्रिझिनवर, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर, भागवू नका, ते खाजेपुरतं.