गुलामगिरी संपवणारे फ्रेंच राजकारणी शेल्शेर यांचे पुतळे मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर का पाडले?

राग शेल्शेर यांच्यापेक्षा 'मुक्ती फ्रान्सने दिली' या सांगण्यावर जास्त होता. २७ एप्रिल १८४८ चा गुलामगिरीबंदीचा हुकूम त्यांच्याच खटपटीने निघाला, हे खरं. पण तो बोटीने मार्टिनिकला पोहोचण्याआधीच, २२ मे रोजी, तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरला बंदी जाहीर करावी लागली. नुकसानभरपाई मात्र मिळाली मालकांना. जन्मभर राबलेल्यांना छदामही नाही. म्हणून २०२० च्या २२ मे रोजी, उठावाच्या स्मृतिदिनीच, शेल्शेर यांचे दोन पुतळे पाडले गेले.

त्याच बेटावर मळेवाल्याची मुलगी आणि नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या पुतळ्याचं डोकं १९९१ मध्ये उडवलं होतं. जुलै २०२० मध्ये पाडेपर्यंत तो तसाच शिरच्छेद झालेला उभा होता. मला तर तेच सर्वांत बोलकं स्मारक वाटतं.