आठ इंची फरशी, सात इंची मशीन

प्रश्न : जुन्या वाड्याच्या ओसरीत आठ टोकांच्या चांदण्यांची रंगीत सिमेंट फरशी आहे. सहा नग फुटलेत, तशा आता मिळत नाहीत. घरी ३०१८ सीएनसी (संगणकावर चालणारं छोटं कोरीव कामाचं मशीन) आहे. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) चांदणी कोरून पाहिली, पण टोकं गोल येतात आणि अख्खी फरशी बेडवर मावत नाही. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मावणार नाहीच. ३०१८ ची चाल ३०० बाय १८० मिलिमीटर, फरशी आठ इंची, म्हणजे २०३. पण ही चांदणी म्हणजे दोन सारखे चौकोन, एकावर एक ४५ अंशांत फिरवलेले. मध्यावर कापली तर चारही पाव हिस्से सारखेच. म्हणून साच्याच्या नमुन्यासाठी पाव फरशीचीच फाइल करा, चारदा कोरा, तुकडे ९०-९० अंशांत फिरवून प्लायवर चिकटवा आणि सांध्यात लांबी (पुट्टी) भरून घासा. माप धड फरशीवरून कॅलिपरने घ्या. एक्स आणि वाय दोन्हींवर १०० मिलिमीटरची रेघ मारून मोजा. एक बाजू ९९.२ भरली तर मशीनच्या सेटिंगमध्ये तिच्या स्टेप (दर मिलिमीटरला मोटरची पावलं) ८०० च्या ८०६.४५ करा, नाहीतर फिरवलेल्या तुकड्यांच्या रेघा सांध्यावर जुळत नाहीत.

टोकांचा दोष बिटच्या (कोरणाऱ्या पात्याच्या) गोलाईचा. ३.१७५ मिलिमीटरचा बिट आतल्या कोपऱ्यात जवळपास १.६ ची त्रिज्या सोडतोच. दुसऱ्या रंगाचा खळगा त्याच बिटने ४ मिलिमीटर खोल काढा, ०.८ चे पाच थर, फीड (बिट सरकण्याचा वेग) मिनिटाला ५०० मिलिमीटर. मग ६० अंशी व्ही-बिटने (टोकदार बिटने) कडा आणि कोपरे काढा. तिरक्या कडेमुळे नंतर या नमुन्यावर ओतायचा सिलिकॉनचा साचाही सहज सुटतो.

एमडीएफला लाखेच्या पॉलिशचे तीन हात द्या, नाहीतर उभे राहिलेले रेशे साच्यात उमटतात. मग त्यावर सिलिकॉन ओतून साचा घ्या; भोवती आणि तळाला १० मिलिमीटर जाडी धरली तर पाऊण ते एक किलो सिलिकॉन लागेल. उलट्याचं पुन्हा सुलट होतं, म्हणून फाइल आरशासारखी उलटवायची नाही.

पांढरं सिमेंट आणि संगमरवरी भुकटी समसमान घ्या. ऑक्साइड रंग सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांवर नेऊ नका, ताकद जाते. या मिश्रणाचा ८ मिलिमीटर थर साच्यात द्या. तो ओला असतानाच मागे १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) साधा माल भरा, गिरणा नदीची वाळू चाळूनच (आणि सरकारी पावतीचीच!) घ्या. दुसऱ्या दिवशी सोडवा, खळगे भिजवा, साचलेलं पाणी टिपा आणि दुसरा रंग भरा. कोरड्यात भरलात तर खालचा माल पाणी ओढून घेतो आणि भरलेला रंग कडेने सुटतो.

आपल्याकडे घात होतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. उघडी पाठ आधी सुकून आकसते आणि फरशी पापडासारखी वळते. पहाटे ओता, वर ओलं गोणपाट आणि प्लास्टिक टाका. दुसरा रंग आवळला की सात दिवस पाण्यात ठेवा. मग १००, २००, ४०० च्या डायमंड पॅडने पाणी घालत घासा, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत. जास्त घासलं तर व्ही-बिटने काढलेली टोकं पुन्हा बोथट होतात.

प्रश्न : याच मशीनवर विट्रिफाइड टाइल कापता येईल का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. तिला डायमंड बिट, सततचं पाणी आणि कडक चौकट लागते. ३०१८ ची छोटी मोटर दमते, चौकट थरथरते आणि टाइलच्या कडेचे टवके उडतात. सरळ काप हवा असेल तर टाइल कटर वापरा. नक्षीचा हवा असेल तर वॉटरजेटवाल्याकडे (पाण्याच्या जोरदार झोताने कापणाऱ्याकडे) फाइल द्या.