आदित्य एल-१ सूर्याच्या जेमतेम एक टक्का जवळ गेलंय, मग एवढ्या लांब पाठवून उपयोग काय?

तुमचा हिशेब बरोबर आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, आदित्य हे सूर्य बघणारं इस्रोचं यान आपल्यापासून १५ लाखांवर. पण ते जवळून बघायला गेलेलंच नाही. गेलंय ते हवेच्या बाहेर, आणि जिथं सूर्य मावळत नाही अशा जागी.

मी खानापूर तालुक्यात विज्ञान शिकवतो. मुलांना कौलारू छपराच्या सावलीत उभं करतो, बिंब वळचणीच्या आड पूर्ण जाईल असं (थेट सूर्याकडं बघायचं नाही, हे आधी दटावून). बिंब झाकलं तरी वळचणीच्या कडेचं आभाळ डोळे दिपवतं. शिवारात उसाचं पाचट पेटवलेलं असलं तर पांढरंफटक. सर येऊन गेली की तेच जरा निळं. हा सगळा हवेनं आणि धुळीनं पसरवलेला उजेड. सूर्याचं बाहेरचं वातावरण, म्हणजे करोना, बिंबाच्या दहा लाखांश भागाइतकं मंद. ते ह्यात काय दिसणार!

खग्रास ग्रहणात दिसतं, कारण चंद्र हवेच्या पलीकडं आडवा येतो आणि डोक्यावरच्या हवेवर ऊनच पडत नाही. १६ फेब्रुवारी १९८० ला ती सावली हुबळीवरून गेली. आमचे काका तेव्हा तिथंच नोकरीला, आणि दारं-खिडक्या लावून घरात बसलेले! बाहेर आले असते तरी दोन-तीन मिनिटांचाच खेळ.

आदित्यवरची व्हेल्क दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बनवली. तिच्यात बिंबाचा उजेड दुसऱ्या आरशाच्या मधोमध ठेवलेल्या भोकातून निघून जातो आणि तिसरा आरसा तो बाहेर टाकून देतो. कडेचा मंद उजेड तेवढा कॅमेऱ्याकडं. पहिल्या आरशाला मात्र कमालीची झिलई हवी. त्यावर धूळ बसली की वळचणीजवळचं आभाळ दुर्बिणीच्या आतच तयार! ह्या खटाटोपामुळं सूर्याच्या त्रिज्येच्या १.०५ पटीपासूनचं, म्हणजे कडेला अगदी चिकटून असलेलं दिसू शकतं. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचं वातावरण दहा लाखांच्या पुढं, हे कोडं तिथंच आहे.

पृथ्वीभोवती फिरूनही हवेबाहेर राहता येतं, पण तिथं बहुतेक यानं अधूनमधून पृथ्वीच्या सावलीत शिरतात. एल-१ म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्या ओळीतला असा बिंदू, जिथं यान पृथ्वीच्या बरोबरीनंच सूर्याभोवती फिरत राहतं. तिथं ती कटकट नाही. नेमकं त्या बिंदूवर यान ठेवत नाहीत, कारण मग पाठीमागच्या सूर्याच्या रेडिओ-गोंगाटात त्याचे संदेश बुडतील. म्हणून ६ जानेवारी २०२४ पासून ते त्याच्याभोवती घिरट्या घालतंय.

खरंच जवळ गेलं ते नासाचं पार्कर यान, २४ डिसेंबर २०२४ ला, ६१ लाख किलोमीटरवर. त्याची बहुतेक उपकरणं उष्णता अडवणाऱ्या ढालीच्या आडोशानं भोवतालचा वायू मोजतात. बिंबाकडं तोंड करून बघणारी दुर्बीण त्यावर नाही, त्या उन्हात ती टिकलीच नसती.