सुईची भीती आणि रोजचे इंजेक्शन

प्रश्न : आमचे आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) उपचार सुरू होत असून सुमारे 10 ते 12 दिवस रोज संध्याकाळी पोटावर हार्मोनचे इंजेक्शन घ्यावयाचे आहे. औषध पेनमध्ये, म्हणजे पेनसारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या साधनात आहे. गावातल्या दवाखान्यात रोज गेल्यास चर्चा होईल, म्हणून स्वतःच शिकावे असे वाटते. परंतु सुई पाहिली तरी हात कापतो. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : हात कापणे स्वाभाविक आहे आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ते कमी होते. पहिले इंजेक्शन मात्र घरी घेऊ नका. उपचारकेंद्रातील सिस्टरसमोर, त्यांनी केवळ दाखवून नव्हे तर तुमच्या हातून करवून घेतलेले एक इंजेक्शन दहा व्हिडिओंपेक्षा अधिक शिकवते.

या पेनची सुई केसासारखी बारीक आणि काही मिलिमीटर लांबीची असते; ती स्नायूत नव्हे, कातडीखालच्या चरबीत जाते. म्हणून टोचताना जी आग होते, तिचे कारण पुष्कळदा सुई नसून आपली घाई असते. फ्रीजमधून काढलेले गार औषध लगेच टोचले तर झोंबते, म्हणून पेन अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावे. स्पिरिट लावल्यावर कातडी पूर्ण वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की चुरचुरते. बेंबीपासून सुमारे दोन इंच अंतर सोडून कातडीची घडी हलक्या चिमटीत धरावी, सुई सरळ आणि एका दमात आत घालावी. भीत भीत, हळूहळू टोचणेच जास्त दुखते. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहा आकडे मोजून मगच सुई काढावी, अन्यथा औषधाचा थेंब बाहेर राहतो. नंतर ती जागा चोळू नये. रोज बाजू बदलावी आणि सुई दर वेळी नवीनच घ्यावी, कारण एकदा वापरलेली सुई बोथट होते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बाटलीत साठवून केंद्रात परत द्याव्यात. घंटागाडीत त्या टाकल्या, तर कचरा वेचणाऱ्यांच्या हातात रुततील.

टोचल्या जागी छोटा निळा डाग पडल्यास काळजी नको. मात्र पोट झपाट्याने फुगणे, दोन दिवसांत वजन बरेच वाढणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट न पाहता केंद्रात फोन करावा. एखादा डोस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

शेवटच्या इंजेक्शनची वेळ तेवढी काटेकोर पाळावी, कारण त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजे काढली जातात. ही वेळ बहुधा रात्रीची असते, तेव्हा दोन गजर लावा आणि यजमानांनाही जागे ठेवा.