डेमो आत्ता टाकू की थांबू?

प्रश्न

ताई, नमस्कार.

मी मूळची केज तालुक्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असायचे, मग आजीने गावी ठेवून घेतलं. आता पुण्यात एका कार्यालयात हिशेब लिहिते आणि गेली दोन वर्षं रात्री दहा ते साडेबारा गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर एक गेम बनवते आहे. नाव ठेवलंय ‘फड’. एका जोडप्याचा, म्हणजे एका कोयत्याचा, एक हंगाम. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री ट्रक भरायचा आणि या सगळ्यात लेकरू सांभाळायचं. चार भाग ठरवलेत. पहिला खेळता येतो, दुसरा अर्धा झालाय, बाकीचे दोन अजून वहीत आहेत.

खोलीतली मैत्रीण म्हणते, इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर डेमो टाकून दे, लोक खेळतील, सांगतील. भाऊ म्हणतो, अर्धवट काही दाखवू नकोस, एकदा नजरेतून उतरलं की कोणी परत बघत नाही, शिवाय कल्पना कोणीतरी उचलेल. माझी भीती वेगळी आहे. हा आमच्या माणसांवरचा खेळ आहे. कोणी हसलं तर? पण कोणालाच न दाखवता आणखी दोन वर्षं काढायचं बळही आता उरलेलं नाही.

पहिला भाग सोबत पाठवते आहे. खेळून सांगाल का, टाकू की थांबू?

– एक वाचक, पुणे

उत्तर

तुझा भाग मी दोनदा खेळले. शनिवारी रात्री नुसती खेळले, रविवारी सकाळी शेजारी वही घेऊन. आधी उत्तर सांगते, कारण तू बरेच दिवस वाट पाहिली आहेस. सगळ्यांसाठी आत्ता टाकू नकोस. पण आठ माणसांना याच महिन्यात दाखव. ती आठ माणसं कोण, ते पुढे सांगते.

खेळात रात्री दोन वाजता ट्रक येतो. झोपेतून उठून मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून वर चढायचं. पाऊल जड पडतं, फळी करकरते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला कोपीतून लेकराचं रडणं ऐकू येतं. खाली उतरावं की खेप पूर्ण करावी? मी खेप पूर्ण केली आणि नंतर बराच वेळ तशीच बसून राहिले. तुझा खेळ तिथे आहे. पण मला तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीची नऊ मिनिटं मुकादमाशी बोलण्यातच जातात, कोयता हातात येतो अकराव्या मिनिटाला. मोळी माझ्याकडून तीनदा सुटली. बुडातून तोडल्यावर वरचं वाढं वेगळं करायचं असतं हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, मला नव्हतं. खेळ नुसतं ‘मोळी सुटली’ एवढंच सांगतो, का सुटली ते सांगत नाही. तिसऱ्यांदा ती सुटली तेव्हा मी उठून चहा करायला गेले. तुझं पत्र नसतं आणि मी कुठूनतरी डेमो उतरवून घेतलेला असता, तर चहा घेऊन परत त्या लॅपटॉपपाशी आले नसते. ट्रक मला कधी दिसलाच नसता.

हे इतकं ठामपणे सांगते आहे, कारण मी स्वतः यातून गेले आहे.

आमचे नाना एसटीत वाहक होते. 2015 साली मी त्यांच्या कामावर एक खेळ करत होते. घाटातली मुक्कामी गाडी, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, हातात पंच, गर्दीतून वाट काढत पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची आणि सुट्या पैशांचा मेळ घालायचा. सुट्ट्या पैशांचा भाग चांगला जमला होता, बाकी सगळं कच्चं होतं. तरी मी डेमो टाकला. खरं कारण सांगते, मला एकटं वाटत होतं. तुझ्या पत्रातलं ते ‘बळ उरलेलं नाही’ मला नीट कळतं.

अकरा जणांनी लिहिलं. त्यातल्या चौघांनी अक्षरं मोडतात म्हणून कळवलं. तेव्हा मी वापरत होते त्या इंजिनला देवनागरी जुळवता येत नव्हती, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसायची, आणि माझ्या खेळातला मुख्य शब्द ‘तिकीट’च वाचता येत नव्हता. (तू गोडो 4 वर आहेस, त्यात हे दुखणं राहिलेलं नाही. तुझी जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.) उरलेल्या सातही जणांनी एकच मागणी केली: गाडी आम्हाला चालवू द्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. एसटी म्हटल्यावर त्यांना घाट आणि स्टिअरिंग हवं होतं. चुकलं माझं. मला स्वतःला काय करायचं आहे हे पक्कं होण्याआधी मी अनोळखी माणसांना विचारायला गेले होते. पुढचे आठ महिने मी वळणं, ब्रेक आणि गिअर करत बसले. वाहकाचा खेळ चालकाचा झाला, आणि चालक मला आतून माहीतच नव्हता.

या सगळ्यात नानांना मी तो दाखवलाच नव्हता. एकाच घरात राहत होतो आम्ही. डेमो टाकून महिना झाल्यावर त्यांनी सहज मागून पाहिलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, “एका घंटीला गाडी सुटते कशी? एक म्हणजे थांब. सुटायला दोन.” अकरा जणांपैकी एकानेही हे लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर वही उघडून बसले असते तर खेळ वाचला असता. मी मात्र ब्रेक दुरुस्त करायला परत गेले. तो खेळ पुरा झाला नाही. नाना 2019 मध्ये गेले.

म्हणून तुझ्या आठांमधली पहिली तुझी आई, आणि तिच्या बरोबरीने टोळीतली आणखी तिघं: एखादी बाई, एखादा बाप्या, आणि जमलं तर तुझ्यासारखं कोपीवर वाढलेलं आता मोठं झालेलं एखादं पोर. उरलेली चार माणसं अशी शोध, ज्यांना ऊस फक्त रसवंतीतला माहीत आहे. पहिली चौघं खोटं कुठे आहे ते सांगतील. दुसरी चौघं कुठे अडकायला होतं ते दाखवतील. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळत नाहीत.

आठही जणांना एकदम बोलावू नकोस. एक माणूस तुझा खेळ पहिल्यांदा एकदाच खेळतो, दुसऱ्या खेपेला त्याला मोळी कशी बांधायची ते माहीत झालेलं असतं. आधी दोघांना दे, दुरुस्ती कर, मग पुढच्या दोघांना. तू त्यांच्या मागे बस आणि गप्प राहा. सगळ्यात अवघड हेच आहे. माणूस चुकीचं बटण दाबत राहतो आणि आपला जीव वर-खाली होतो, तरी ‘अगं, ते नाही, शेजारचं’ असं म्हणायचं नाही. तो कुठे थांबला, कुठे मोबाइल हातात घेतला, कुठे पुढे झुकला, तेवढं लिहून घे. शेवटी ‘आवडला का’ असं विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘काय काय झालं ते सांग’ असं विचार. त्याच्या सांगण्यात ट्रक आला नाही, तर तो भाग त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

आता जाहीर डेमोबद्दल. मोठी उदाहरणं दोन्ही बाजूंना सापडतात, म्हणूनच तुझी मैत्रीण आणि भाऊ दोघांनाही आपलं खरं वाटतं. ‘माइनक्राफ्ट’ची पहिली कच्ची आवृत्ती 17 मे 2009 ला लोकांच्या हाती गेली आणि पूर्ण खेळ 18 नोव्हेंबर 2011 ला बाहेर आला. मधली अडीच वर्षं लोक खेळतच होते. उलट एरिक बरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ सुमारे साडेचार वर्षं एकट्याने केला, अर्धवट असताना विकायला नकार दिला आणि 26 फेब्रुवारी 2016 ला पुरा करूनच बाहेर आणला. माझ्या मते फरक खेळाच्या जातीचा आहे. ‘माइनक्राफ्ट’मध्ये संपणारी गोष्ट नव्हती. नवा ठोकळा आला की जुन्या जगात भर पडायची, आधीचं काही वाया जायचं नाही. तुझ्याकडे गोष्ट आहे. लेकराचं रडणं माणूस एकदाच पहिल्यांदा ऐकतो.

तुला जवळचं उदाहरण ‘अंडरटेल’चं. टोबी फॉक्सने मे 2013 मध्ये डेमो दिला, पुढच्या महिन्यात किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 5,000 डॉलर मागितले, 51,000 हून जास्त जमले. पुरा खेळ सप्टेंबर 2015 मध्ये आला. तो डेमो म्हणजे खेळाचा फक्त पहिला मुलूख होता, पण त्यात सगळं होतं: समोरच्याला मारायचं की सोडायचं हा खेळाचा मुख्य पेच, एक जीव लावणारं पात्र, आणि त्या पात्राशीच होणारा शेवटचा सामना. लहान असला तरी तो तुकडा पुरा होता.

तुझाही असा तुकडा आहे. संध्याकाळी फडात शेवटच्या मोळ्या बांधण्यापासून ते पहाटे भरलेला ट्रक निघून जाईपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं. मुकादमाचं बोलणं डेमोतून पूर्ण काढ, उचलीचा आकडा कोपीच्या कुडाला अडकवलेल्या एखाद्या चिठ्ठीवर दिसला तरी पुरे. ट्रकचे मागचे दिवे दूर जातात तिथे संपव. हा तुकडा आठ जणांच्या हाताखालून गेला, आणि शेवटच्या दोघांना तुझ्याकडे न बघता ट्रकपर्यंत पोचता आलं, की खुशाल जाहीर कर. दुसरा भाग पुरा झालेला नसला तरी चालेल.

कुठे टाकायचा? इचवर पैसे पडत नाहीत, आणि पान आधी फक्त दुवा व परवलीचा शब्द असलेल्यांपुरतंच उघडं ठेवता येतं. पहिले काही आठवडे तसंच ठेव. ब्राउझरमध्ये चालणारी प्रत नक्की काढ. विंडोजची उतरवून घ्यायची फाइल उघडताना निळी धोक्याची पाटी येते आणि निम्मी माणसं तिथूनच मागे फिरतात. तुझ्या गावाकडच्या माणसांकडे लॅपटॉप नाहीत, त्यांना तुझ्या फोनवरच दाखव. पुढे प्ले स्टोअरवर जायचं झालं, तर नव्या वैयक्तिक खात्याला किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद, म्हणजे बोलावलेल्यांपुरतीच चाचणी करून घ्यावी लागते, तेव्हा ही आठ माणसं उपयोगी पडतीलच. स्टीमची, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाची, घाई अजिबात करू नकोस. तिथे एका खेळामागे 100 डॉलर भरावे लागतात, आणि वर्षातून तीनदा होणाऱ्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या मेळ्यात एका खेळाला एकदाच जाता येतं. ती संधी चारही भाग आकाराला आल्यावर वापर.

भावाला सांग, कल्पनेची काळजी सोड. लिहिलेल्या कोडवर आणि चित्रांवर तुझा हक्क तयार झाल्या क्षणापासून असतो, जुन्या प्रती तारखेसह जपून ठेव. आणि त्या फळीची करकर तू जिथून आणली आहेस, तिथून दुसरं कोण आणणार आहे? भावाची दुसरी शंका मात्र रास्त आहे आणि वरचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. तरीही जाहीर केल्यावर प्रतिसाद थंड आला, तर त्याला निकाल समजू नकोस. तुझ्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर मागितलेली रक्कम जमली नव्हती. तरी 2020 च्या ऑगस्टमध्ये तो खेळ जगभर खेळला गेला.

आता ‘कोणी हसलं तर’. हसतील, एखाद-दुसरा नक्की हसेल. कोणीतरी ‘गरिबीचा खेळ’ असंही लिहील. त्याहून मोठा प्रश्न मला वेगळा वाटतो. बांधावरच्या बाभळीला बांधलेली झोळी आणि तिच्यातलं लेकरू, हे तू आहेस ना? मग त्या चित्रात तुझी आईही आहे. अनोळखी माणसांनी ते पाहण्याआधी तिची परवानगी घे. ती कदाचित रडेल, कदाचित पहिल्या मिनिटाला म्हणेल, ‘कोयता असा धरत नाहीत’. तिने एखादं दृश्य नको म्हटलं तर ते काढ, मग खेळाला त्याची कितीही गरज असो. तिने ठेव म्हटलं, तर त्यानंतर कोण हसतंय याने तुला फारसं काही होणार नाही.

दसरा झाला की टोळ्या निघतील आणि मार्चपर्यंत तुला यातलं कोणी सापडणार नाही. म्हणून याच महिन्यात म्हटलं. दोन दिवसांची रजा काढून केजला जाऊन ये. ट्रकचा आवाज बदलू नकोस. नवी प्रत झाली की पडद्याच्या कोपऱ्यात तारीख टाक आणि मला पाठव. या वेळी मला लेकराकडे जायचं आहे.