कामगारावरच्या आरोपांच्या चौकशीत कंपनीचाच माणूस चौकशी अधिकारी असला तर त्याला न्याय म्हणायचं का? काय बदलायला पाहिजे?

भावा, नुसता कंपनीचा पगार खातो म्हणून चौकशी अधिकारी बाद होत नाही, तेवढ्यावर कोर्ट ऐकत नाही. पण ज्यानं तक्रार केली किंवा साक्ष दिली तोच खुर्चीत बसला तर ती चौकशी टिकत नाही. सरकारी नोकराला राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण आहे (चौकशीशिवाय सहसा बडतर्फ करता येत नाही) तसं आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या कामगाराला नाही, समानतेचं कलम १४ पण खाजगी कंपनीला थेट लागत नाही, तरी नैसर्गिक न्याय कामगार कायद्यातनं येतोच, म्हणजे चार्जशीट, कागद बघायला मिळणं, साक्षीदाराची उलटतपासणी. सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या करुणाकर निकालानुसार शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत द्यावी लागते, खाजगी कंपनीनं पण, ती लेखी मागा आणि पोच घ्या. आणि चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या कागदावर न वाचता सही करू नका, खरी गंमत तिथंच असते, "उलटतपासणी घ्यायची नाही" हे कधीकधी आधीच टाईप करून ठेवलेलं असतंय!

सुधारणा म्हणाल तर माझ्या मते दोन्ही बाजूंना चालणारा बाहेरचा अधिकारी आणि जबाबाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग, एवढं केलं तरी बरीच भांडणं लेबर कोर्टापर्यंत जाणारच नाहीत. बाकी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे, रिटसाठी (म्हणजे थेट हायकोर्टात करायच्या अर्जासाठी) मुंबईची गाडी पकडायला नको.