वाचक विचारतात: गाऊन, खाकी आणि मनाची मरगळ

प्रश्न : मी तीन वर्षं झाली घरून काम करते, अकाउंट्सचं. सकाळी डबे, पोरांची शाळा आवरून थेट लॅपटॉपसमोर बसते ती गाऊनवरच, मीटिंग असली की वरून कुर्ता चढवते नि झाली की काढते. दुपारपर्यंत इतकी मरगळ येते की साधा मेल लिहायला अर्धा तास लागतो. कपडे बदलून बघावं वाटतं पण सासूबाई म्हणतात घरातच तर आहेस, कुणासाठी नटायचं? खरंच कपड्यांनी एवढा फरक पडतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पडतो ताई, फक्त का पडतो ते नीट समजून घ्या म्हणजे उगाच खरेदीला पळावं लागणार नाही. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघा अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. पांढरा कोट एकच, काहींना तो घालायला देताना सांगितलं हा डॉक्टरचा आहे, काहींना सांगितलं हा चित्रकाराचा आहे, आणि मग दोन चित्रांतले बारीक फरक शोधायला लावले, तर डॉक्टरचा समजून घातलेल्यांनी जास्त फरक शोधले. नुसता समोर ठेवलेला कोट बघून तेवढं झालं नाही, अंगावर यावा लागला. आता प्रामाणिकपणे हेही सांगते की त्याच अभ्यासातला दुसरा एक प्रयोग २०१९ मध्ये इतरांनी पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, म्हणून ब्लेझर घातला की हुशारी आली असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण कपड्याला आपण जो अर्थ देतो तो अंगावर घेऊन वावरतो, हे मला तरी पटतं.

आता तुमच्या गाऊनकडे बघा. गाऊन म्हणजे झोप, गाऊन म्हणजे ओटा, ताप आला की गाऊन, बाळंतपणात गाऊन. इतक्या वर्षांचे अर्थ त्याला चिकटलेत आणि त्याच गाऊनमध्ये तुम्ही जीएसटीचे आकडे जुळवायला बसता! मनाला कळणार कसं की स्वयंपाकघर संपलं नि ऑफिस सुरू झालं? बाहेर नोकरीला जाणाऱ्या बाईला साडीच्या निऱ्या घालताना, पिन लावताना, बस पकडताना हे आपोआप कळत जातं, तुमच्याकडे मधला तो वेळच उरला नाहीये.

तर एवढंच करा, कपाटातले तीन जुने सुती कुर्ते फक्त कामासाठी बाजूला काढा, वेगळ्या खुंटीवर. पोरं शाळेत गेली की तोंड धुवा, कुर्ता घाला, वेणी घाला, घड्याळ लावा नि मग लॅपटॉप उघडा. आणि बहुतेक जणी जे विसरतात ते म्हणजे काम संपलं की तो कुर्ता उतरवा, घरचं काहीतरी घाला, नाहीतर ऑफिस रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतं. घट्ट जीन्स वगैरेच्या भानगडीत पडू नका. कमरेला रुततंय, काखेत टोचतंय असं काही घातलं की अर्धं लक्ष तिकडेच जातं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना विचारा की देवपूजेला तुम्ही धूतवस्त्र का नेसता, तेव्हाही घरातच तर असता. त्यांना लगेच कळेल बघा.

प्रश्न : माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, चौतीस वर्षं खाकी घातली. मार्चमध्ये रिटायर झाले तेव्हापासून दिवसभर बनियन आणि पट्ट्यांचा लेंगा, दाढीसुद्धा चार-चार दिवस करत नाहीत. बसल्या बसल्या हात खांद्यावर जातो, बॅगेचा पट्टा सावरायला. मी दोन छान टी-शर्ट आणले ते तसेच पडलेत. काय करू?
– एक मुलगी, सांगली

उत्तर : बाळा, खांद्यावर जाणारा तो हात वाचून मला गलबलून आलं. चौतीस वर्षं ज्या माणसाला सगळा स्टँड खाकीवरून ओळखत होता, ‘कंडक्टर, गाडी कधी सुटणार?’ म्हणून विचारत होता, त्याला आता कुणीच काही विचारत नाही. युनिफॉर्म गेला म्हणजे ते विचारणं गेलं, आणि टी-शर्टने ते कसं भरून निघेल?

म्हणून आधी कपडे नको, आधी बाहेर पडायचं कारण. सकाळचं दूध, लाइट बिल, नातवंडं असतील तर त्यांना शाळेत सोडणं, रोज ठरल्या वेळी, कारण ड्युटीच्या माणसाला वेळ लागते. आणि टी-शर्टऐवजी खिशाचा शर्ट दे ग, दोन खिसे असले तर उत्तम, एका खिशात पेन. खाकी कुणाला देऊन टाकू नका, ट्रंकेत कोंबूही नका, कपाटात हँगरला असू दे, ते स्वतः ठरवतील काय करायचं. खाकीला इस्त्री तेच करायचे ना? मग तुझ्या कपड्यांना इस्त्री करून द्याल का असं एकदा विचारून बघ, मनापासून विचार, त्यांना काम द्यायचं म्हणून नको.

एक मात्र लक्ष ठेव. अंघोळ टाळणं, झोप उडणं, जेवण कमी होणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर हा नुसता रिटायरमेंटचा कंटाळा समजू नको, डॉक्टरांना दाखव. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं एकदा जरी त्यांच्या तोंडून आलं तर दोन आठवडे थांबू नको, त्याच दिवशी फोन कर.

आणि इस्त्रीचं काय झालं ते मला कळव.